द्रव डिटर्जंट उत्तम, मापाचे टोपण सदोष

फ्रंट लोड (समोर दार असलेल्या) धुलाई यंत्रासाठीचे हे संहत, म्हणजे थोडेच पुरणारे, द्रव डिटर्जंट कपडे उत्तम धुते. कॉलरवरचा घामट मळ आणि तेलाचे ताजे डाग पहिल्याच धुण्यात निघतात. अडचण आहे ती मापाच्या टोपणाची. ते गडद निळे असून आतील रेषाही त्याच रंगाच्या असल्याने उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि मग घाईत टोपण काठोकाठ भरले जाते. नेहमीच्या मळासाठी सर्वांत खालची रेषा पुरते, ही सूचना बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापली आहे. ती खरे तर दर्शनी बाजूस हवी होती.

ही बाब किरकोळ नाही. असे यंत्र थोड्या पाण्यात कपडे वर उचलून खाली आपटत धुते. जादा डिटर्जंटचा फेस हा आघात मऊ करतो, खंगाळण्याचे पाणी अपुरे पडते आणि कपड्यांत उरलेला चिकट अंश पुढचा मळ धरून ठेवतो. दाराच्या रबरी कड्याला येणाऱ्या कुबट वासामागेही बहुधा हाच साका असतो. पाणी जड असल्यास मात्र मात्रा वाढवावी लागते, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार डिटर्जंटची शक्ती कमी करतात. उत्पादकाने मळ आणि पाण्याचा जडपणा दोन्ही लक्षात घेऊन तक्ता दिला आहे, हे मला मनापासून आवडले.

डिटर्जंट अवश्य घ्यावे. पारदर्शक टोपण येईपर्यंत ते वेगळ्या, केवळ याच कामासाठी ठेवलेल्या मापाने मोजावे.