सर्व्हर दिसत नव्हता, बिघाड भलतीकडेच होता (चौकातल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याचा अनुभव)

सांगलीत मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. ऑफिसात सहा कॉम्प्युटर, दोन पुढं आणि चार आतल्या खोलीत, आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) सगळं एका कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. सोमवारी सकाळी सौदे चालू, दाराशी शेतकरी पट्टीसाठी उभे, आणि आतल्या खोलीतून दिवाणजी ओरडले, सर्व्हरच गायब झालाय. बघितलं तर आतल्या चारही मशीनवर नेटवर्कमध्ये सर्व्हरचं नावच नाही, पण नेट मस्त चालतंय, आणि पुढच्या दोन मशीनवर सगळं व्यवस्थित.

आधी आमच्या एएमसीवाल्याला, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार असलेल्याला, फोन लावला (नाव लिहीत नाही, वर्षाचे पैसे आधीच दिलेत). आला, सगळ्या मशीनचं फायरवॉल बंद केलं, विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू केलं, सगळं दोनदा रिस्टार्ट मारलं आणि शेवटी सर्व्हरकडं बघून म्हणाला, "दादा, हे मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या, कोटेशन पाठवतो." अरे पण मग पुढच्या दोघांना कसा दिसतोय तो? यावर उत्तर नाही.

मग चौकातल्या दुकानवाल्याला बोलावलं. बारा वाजता येतो म्हणाला आणि आला अडीचला, मधे फोनही उचलला नाही, एक स्टार तिथंच कापला. पण आल्यावर कशालाच हात न लावता पहिला प्रश्न विचारला, "शनिवारपासून इथं काय बदललं?" मी म्हटलं काहीच नाही.

आतल्या मशीनवर बसून त्यानं काळी खिडकी उघडली आणि सर्व्हरच्या नावानं पिंग मारलं, म्हणजे ते मशीन उत्तर देतंय का बघितलं, होस्ट सापडत नाही म्हणून आलं. मग आकड्यानं, म्हणजे त्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्यानं मारलं, १९२.१६८.१.५०, तर चारही रिप्लाय झटक्यात! तोच आकडा पुढं दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन टाकला तर आख्खं फोल्डर उघडलं, दिवाणजींच्या पट्ट्यांसकट. मी बघतच राहिलो. मग आयपीकॉन्फिग, मशीनचा स्वतःचा पत्ता दाखवणारी कमांड. आतल्या मशीनचा पत्ता १९२.१६८.०.१०३, आणि सर्व्हर मात्र १९२.१६८.१ च्या घरात. "हे दोघं वेगळ्या गल्लीत राहतात," म्हणाला आणि वायर धरून टेबलाखाली शिरला.

तिथं माझंच पाप निघालं. रविवारी आतल्या खोलीतला पाच पोर्टचा स्विच (मशीनच्या वायरी एकत्र जोडायचा डबा) जळाला होता, तर मी घरचा जुना वायफाय राऊटर आणून लावला, त्यालाही पोर्टच असतात की! पुढून येणारी वायर डब्ल्यूएएन (बाहेरून नेट आत घ्यायच्या) पोर्टात आणि चार मशीन उरलेल्या चारात. त्यामुळं राऊटरनं आत स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलं आणि मशीनना स्वतःच पत्ते वाटायला लागला. नेट त्याच्यातून जातं, आकड्यानं गेलं तर सर्व्हरही सापडतो, पण नेटवर्कच्या खिडकीत नाव दिसायला मशीन सगळ्यांना उद्देशून हाका मारतात, ती हाक राऊटर ओलांडत नाही. आमचा टॅलीचा रस्ता नावानंच जोडलेला, म्हणून सगळं ठप्प.

उपाय म्हणजे राऊटरचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणं) बंद, पत्ता बदलून १९२.१६८.१.२, आणि वायर डब्ल्यूएएनमधून काढून एलएएनमध्ये, म्हणजे आतल्या मशीनच्या पोर्टात. पण मग चार पोर्टात पाच वायरी कशा बसणार? बॅगेतून आठ पोर्टचा स्विच काढला, मशीन त्याला जोडली आणि राऊटरही त्यालाच, आता नुसतं वायफाय देतो. तीन मशीनवर सर्व्हर लगेच आला. चौथ्यावर नाहीच. तिथलं नेटवर्क प्रोफाइल पब्लिकवर होतं, प्रायव्हेट केलं आणि आला. सगळं धरून चाळीस मिनिटं.

मला जास्त आवडलं ते पुढचं. एएमसीवाल्यानं केलेलं सगळं ह्या दुकानवाल्यानं मी न सांगता उलटं फिरवलं, फायरवॉल परत चालू आणि एसएमबी १ बंद. म्हणाला, २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) ह्याच दारातून पसरला होता, हे दार मायक्रोसॉफ्टनं उगाच बंद केलेलं नाही. शेअर फोल्डर बिनपासवर्डचं होतं, तिथंही युजर आणि पासवर्ड करून दिला, नाहीतर नवीन विंडोज ११ घेतलंत की तेच असं बिनपासवर्डचं फोल्डर अडवेल म्हणाला. दिवाणजींना पासवर्ड अजिबात आवडलेला नाही, त्यांनी तो स्क्रीनच्या कडेला चिकटवलाय.

व्हिजिट ५०० आणि स्विचचे ११००. चार स्टार. वेळ पाळत नाही आणि पक्कं बिल मागितलं तर "पाठवतो" म्हणतो. आज नववा दिवस.