हिमालयन ४५० : मढे घाटाच्या वाटेवर

वेल्ह्याहून केळदमार्गे मढे घाटाच्या माथ्यापर्यंत रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० नेली, तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता आणि आडवाटांवरचे डांबर बऱ्याच ठिकाणी वाहून जाऊन खाली मुरूम व सुटी खडी उरली होती. ४५२ सीसीचे, सुमारे ४० पीएस (अश्वशक्ती) ताकदीचे हे इंजिन अशा चढावर दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता गाडी ओढते. पुढचे २१ इंची चाक आणि दोन्हीकडचा २०० मिलिमीटरचा सस्पेन्शन प्रवास (धक्के शोषताना चाक जितके वर-खाली होऊ शकते ते अंतर) यांमुळे, जिथे कारवाले उतरून रस्ता पाहतात तिथून ही गाडी सरळ निघून जाते.

प्रश्न १९६ किलो वजनाचा आहे. चालत्या गाडीत ते जाणवत नाही. थांबल्यावर मात्र सगळे अंगावर येते. एका ओढ्यापाशी मी उतारावर, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी हळूच, अगदी म्हैस बसावी तशी आडवी झाली. चूक माझीच. पाठ गाडीला लावून, गुडघ्यांच्या जोरावर ती उचलताना दोनदा बूट घसरले. बाजूच्या बॅगेचा क्लॅम्पही तुटला, पण ती बॅग दुसऱ्याच कुठल्या कंपनीची, स्वस्तात घेतलेली.

मागच्या चाकाचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येते. खडीच्या उतारावर ते अवश्य करावे. बुटक्या चालकाने ८२५ मिलिमीटर उंचीच्या सीटवर बसून पाय टेकतात का, हे आधी शोरूममध्येच पाहावे.