पडद्यावरचं कोर्ट अन् आमच्या पेशीचं कोर्ट

सिनेमात साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, न्यायाधीश हातोडा आपटतात अन् पाच मिनिटांत खरं बाहेर येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादात यातलं काहीच नव्हतं. आपल्या न्यायालयांत हातोड्याची पद्धतच नाही. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार शपथ ईश्वराच्या नावानं किंवा नुसत्या प्रतिज्ञेनं होते, ग्रंथ लागत नाही. दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराचं आपल्या बाजूनं दिलेलं पहिलं म्हणणंही प्रतिज्ञापत्रावरच येतं.

मग उलटतपासणी. वकिलाचा प्रश्न, बाबांचं सावकाश उत्तर, न्यायाधीश सांगतील तसं टंकलेखक उतरवणार. आरडाओरडा नाही. पण सोयाबीन सोंगणीत मजूर सोडून एसटीनं तालुका गाठायचा, पुकाऱ्याची वाट पाहायची अन् नवी तारीख घेऊन परतायचं, ही दमछाक पडद्यावर यायलाच हवी. जबाब वाचून दाखवल्यावरच बाबांनी सही केली.