पॉलिशला दिलेलं घड्याळ आणि परत आलेलं घड्याळ

नानांचं वेस्ट एंड कंपनीचं 'सोवार प्राइमा' हे मनगटी घड्याळ मी मागच्या दिवाळीआधी नांदेडातल्या एका घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे दिलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पावती नाही आणि पावतीशिवाय कुणाचं नाव घेणं बरोबर नाही. झालं ते मात्र सगळं लिहितो. अशी घड्याळं घरोघरी कपाटात पडून आहेत, आणि ती बाहेर काढली की पहिला विचार हाच येतो, पॉलिश करून घ्यावं का?

नाना परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. 1963 साली हैदराबादहून आणलेलं हे चावीचं घड्याळ त्यांनी शेवटपर्यंत घातलं. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, अख्खी स्टीलची. पट्टा अडकवायला केसला चार टोकं असतात, त्यांना आम्ही कान म्हणतो. त्यातल्या खालच्या उजव्या कानावर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा होता. तुरीची पोती मोजताना काट्याची साखळी सुटून मनगटावर आदळली होती. हात वाचला, मार घड्याळानं खाल्ला. लहानपणी नानांच्या मांडीवर बसलो की माझं नख त्या खड्ड्यातच असायचं.

घड्याळ दिवसाला पंधरा मिनिटं मागं पडत होतं, म्हणून तेलपाण्याला दिलं. सहाशे रुपये ठरले. मग त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "सर, असलं खरबडलेलं घालून कुठं फिरायलात? बफ मारून देतो, नवं कोरं दिसंल. त्याचे पैसे नका देऊ." मी दोन मिनिटं घुटमळलो. खड्डा डोळ्यापुढं आला. पण पुढच्याच महिन्यात घरात लग्न होतं, चार माणसांत घालायचं होतं. हो म्हणालो.

आठ दिवसांनी घड्याळ आरशासारखं चमकत परत आलं. खड्डा नव्हता. विचारलं तर म्हणाला, "बफमध्ये निघाला." पट्टा कानांमध्ये पूर्वी घट्ट बसायचा, आता दोन्ही बाजूंनी फट दिसत होती. त्यावर म्हणाला, "घासलं की थोडी जागा होतेच." हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला पटलं. लग्नात सगळ्यांनी घड्याळाचं कौतुक केलं.

मे महिना आला. आपल्याकडचं ऊन सांगायला नको, मनगटाला घामाची धार लागते. एका संध्याकाळी घड्याळ काढलं तर कातडीवर हिरवट कडं उमटलेलं. मला वाटलं पट्ट्याचा रंग लागला. आईनं माझा हात धरून उजेडात नेला, अंगठ्यानं तो डाग चोळला आणि म्हणाली, "हा कळंक आहे रे. कल्हई उडालेल्या पितळीत ताक ठेवलं की असंच हिरवं होतं. स्टीलच्या ताटाला कधी कळंक चढलेला बघितलास का?"

भिंग घेऊन बसलो. कानाच्या टोकाला चंदेरी मुलामा उडून खालून पिवळं पितळ डोकावत होतं.

छत्रपती संभाजीनगरला शहागंजच्या घड्याळ टॉवरजवळ एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला आत बघायला लावलं. आतून गुळगुळीत. जुने कारागीर घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण किंवा तारीख कोरून ठेवतात. नानांच्या झाकणात '3/71' आणि '8/79' असं कोरलेलं मी स्वतः पाहिलेलं होतं, परभणीच्या दुरुस्तीवाल्यानं दाखवलं होतं. इथं एक ओरखडासुद्धा नाही. डायल आणि मशीन आमचंच, केस आणि झाकण दुसऱ्याचं.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर हो म्हणालोच नसतो. खड्डा म्हणजे खोली. तो घासून काढायचा तर आजूबाजूचं सगळं धातू तेवढ्या खोलीपर्यंत उतरवावं लागतं. मग कान सुपारीच्या खांडासारखे बारीक आणि गोल दिसले असते. माझ्या हातातल्या केसचे कान तर जाडजूड होते. मुलामा दिलेल्या पितळी केसची गत आणखी वाईट. तिच्यावरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनही भरत नाही, त्याखाली निकेलचा काही मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोनेरी केसवर '20 मायक्रॉन' असं लिहिलेलं असतं, तो थरही मिलिमीटरचा पन्नासावा भागच. बफच्या चाकापुढं तो टिकणार किती? स्टीलचं सोनं होत नाही, पण घासण्याला ते पुरून तरी उरतं. तरीही प्रत्येक बफला धारा बोथटतात, झाकणावरची अक्षरं पुसट होतात, आणि गेलेलं धातू परत येत नाही.

केस बदलायचं कारणही त्यांनीच सांगितलं. पितळी केस घामानं सडते आणि आतलं मशीन चांगलं राहतं. मग अशा मशीनला धडधाकट स्टीलची केस लावली की घड्याळ चढ्या भावानं जातं. आणि केस बदलणाऱ्याला पॉलिशसारखी सोय नाही. खड्डा, ओरखडे, झिजलेली कड, ज्यांवरून आपण आपलं घड्याळ ओळखतो, त्या सगळ्या खुणा का गेल्या याचं उत्तर तयार असतं. फुकट बफचा अर्थ मला तिथं कळला.

नांदेडला परत गेलो. "सहा महिन्यांनी आलात, मधे कुणी उघडलं मला काय माहीत," एवढंच उत्तर मिळालं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, हेही कळलं. पण दाखवू काय? पावती नव्हती, देण्याआधी काढलेले फोटो नव्हते.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, केसला हात लावू देऊ नका. वरची काच जुन्या घड्याळात बहुतेक प्लॅस्टिकची असते, ती खुशाल घासा, बोटावर टूथपेस्ट घेऊन घासली तरी उजळते, आणि बदलायचीच झाली तर स्वस्त मिळते. मळ काढायचा तर मशीन बाहेर काढून रिकामी केस साबणपाण्यानं मऊ ब्रशनं धुऊन घ्या. देण्याआधी चारही कानांचे, झाकणाचे, आणि दुकानदारासमोर झाकण उघडायला लावून आतले फोटो काढा. पावतीवर 'स्टील केस, पॉलिश करू नये' असं लिहून घ्या. लिहायला कुरकुर केली तर घड्याळ उचला आणि घरी या.

नानांचं मशीन त्या परक्या केसमध्ये वेळ बरोबर दाखवतंय. चारशे रुपयांत परत मुलामा देतो म्हणणारा एकजण भेटला, त्याला नको म्हणालो. खालच्या उजव्या कानावर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा आणि झाकणाच्या आत '3/71', '8/79' कोरलेली स्टीलची केस कुणाच्या बघण्यात आली, तर मला कळवा. घड्याळ कुणाचंही असो, मागेल ती किंमत देऊन मी केस घेईन.