1 लाख 40 हजारांचा लाभ नेमका कोणाला? सोलापुरातील एका मोटार शोरूमचा अनुभव

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरातील एका मोटार विक्रेत्याने वर्तमानपत्राचे पहिले पान भरून जाहिरात दिली होती. 1 लाख 40 हजार रुपयांपर्यंत लाभ आणि अवघे 5.5 टक्के व्याज, हे दोन दावे ठळक मराठीत होते; अटी मात्र तळाशी, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या इंग्रजीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी केंद्र सरकारने 2022 साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा खुलासा दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो, त्यामुळे शोरूमची पायरी चढण्याआधीच मी या विक्रेत्याचा एक गुण कापला होता.

लाभाच्या रकमेची फोड मागितली, तेव्हा विक्री प्रतिनिधीने ती कागदावर लिहून दिली, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. त्यातील 60 हजार रुपये म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने झालेली कपात होती. ही कपात सरकारने केलेली असून ती प्रत्येक शोरूममध्ये प्रत्येक ग्राहकाला मिळते. विक्रेत्याच्या खिशातून त्यात एक रुपयाही जात नाही. पुढचे 30 हजार गेल्या वर्षी तयार झालेल्या, अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांवरच होते. 20 हजारांचा एक्स्चेंज बोनस जुनी गाडी याच शोरूमला दिली तर, आणि 15 हजारांचा स्क्रॅपेज बोनस जुनी गाडी मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र आणले तर. एकच जुनी गाडी विकताही येईल आणि मोडीतही काढता येईल, असा ग्राहक सोलापुरात तरी सापडणे कठीण. तरीही जाहिरातीच्या बेरजेत दोन्ही रकमा होत्या. उरलेले 5 हजार ठरावीक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि 10 हजार सीटकव्हर, मॅट अशा वस्तूंच्या छापील किमतीचे. चालू वर्षाची गाडी हवी असलेल्या आणि जुनी गाडी नसलेल्या माझ्यासारख्याच्या वाट्याला विक्रेत्याकडून फक्त मॅट आणि सीटकव्हर येत होते.

व्याजाचा दावा यापेक्षा अधिक चलाखीचा होता, कारण आकडा खोटा नव्हता. 5.5 टक्के हा फ्लॅट दर होता, म्हणजे दर महिन्याला मुद्दल फिटत गेले तरी व्याज पाचही वर्षे मूळ रकमेवरच धरायचे. 5 लाखांच्या कर्जावर याप्रमाणे 1 लाख 37 हजार 500 रुपये व्याज होते आणि मासिक हप्ता 10 हजार 625 रुपये येतो. घटत्या शिलकीवर व्याज आकारणारी बँक एवढाच हप्ता साधारण 10 टक्के दराने घेते. म्हणून 9 टक्के सांगणारी बँक महाग आणि साडेपाच सांगणारे शोरूम स्वस्त, हा समज तिथल्या टेबलावर मुद्दाम तसाच राहू दिला जातो. दर विचारण्याऐवजी पाच वर्षांत एकूण किती पैसे भरायचे, हे विचारले की संभाषण एकदम शांत होते.

ऑन रोड किमतीच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ म्हणून साडेआठ हजार रुपये होते. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर लागतो, नोंदणीचे शुल्क ठरलेले आहे आणि ते एमएच 13 ची, म्हणजे सोलापूर आरटीओची, पावती दाखवते. हँडलिंग नावाचे कोणतेही सरकारी शुल्क नाही. ही रक्कम कोणत्या नियमाखाली घेता, हे लेखी द्या, असे सांगताच ती ओळ वगळलेले नवे कोटेशन छापून आले. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. तेवढ्याच आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा, आणि तीच संरक्षणे असलेला विमा मला बाहेर बऱ्यापैकी स्वस्त मिळाला. ‘मग कॅशलेस होणार नाही’, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनी थेट भरणार नाही, हे त्यावरचे शोरूमचे उत्तरही अर्धवट होते, कारण तो प्रश्न विमा कंपनीचा दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपशी करार आहे की नाही, एवढाच असतो.

टेस्ट ड्राइव्ह नीट दिली, गाडी सांगितलेल्या दिवशी मिळाली आणि नमुना 21 च्या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना व वर्ष ठरल्याप्रमाणेच होते. पैसे भरण्यापूर्वी चासी क्रमांकासह हा तपशील मागून घ्यावा, कारण ‘नवीन स्टॉक’ हे तोंडी वाक्य पुढे सिद्ध करता येत नाही. जाहिरातीचे ते पान आणि हाताने लिहिलेली फोडही मी जपून ठेवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करताना त्यांचाच उपयोग होतो. गाडी आणि डिलिव्हरीसाठी पाचपैकी चार तारे, जाहिरातीसाठी एक.