मेरिनो बेस लेअर: थंडीत धावायला १५० जीएसएमच घ्या

मेरिनो (मेंढीची एक जात) लोकरीचा टी-शर्ट घेताना बहुतेकांचा हात २५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जाड कापडाकडे जातो. ते कॅम्पवर बसायला उत्तम, पण धावताना दोन किलोमीटरांत अंग उकडू लागतं. धावायला पूर्ण बाह्यांचा, अर्ध्या चेनचा १५० जीएसएम बेस लेअर, म्हणजे अंगालगतचा पहिला थर, पुरतो.

याची खरी ताकद घाम आल्यावर कळते. लोकरीचा तंतू वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा आत मुरवतो, तरी कापड हाताला ओलं लागत नाही. त्यामुळे सिग्नलला थांबलं तरी पाठ लगेच गार पडत नाही. सुती टी-शर्ट नेमका इथेच दगा देतो. वासाच्या बाबतीतही मेरिनो पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी बरा.

उणीव एकच, पण मोठी. पूर्ण भिजला की हा लवकर वाळत नाही. इंटरव्हल (आलटून पालटून वेगात आणि संथ) किंवा टेम्पो रनला (सलग जोरात धावणं) पातळ पॉलिएस्टरच घाला. मेरिनो संथ, लांब पल्ल्यासाठी ठेवा.

घेताना माप अंगासरशी हवं. कापड आणि त्वचेत पोकळी राहिली तर घाम कापडापर्यंत पोचतच नाही. शिवणी सपाट असाव्यात, आणि बॅग घेऊन धावणार असाल तर खांद्यावर शिवण नकोच. निव्वळ लोकरीला पट्ट्याच्या घर्षणाने भोकं पडतात. थोडं नायलॉन मिसळलेलं कापड जास्त टिकतं.

५ ते १० अंशांत हा एकटा आणि पातळ हातमोजे बास. ० ते ५ मध्ये वर पाठीला जाळी असलेला विंडचीटर. (रेनकोट नको, आतल्या आत घामाने भिजाल.) शून्याखाली या दोन्हींच्या मध्ये आणखी एक पातळ थर, आणि कान झाकणारी टोपी. पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत असं समजा.

धुणं जरा नाजूक. पाणी ३० अंशांपर्यंत, साबण लोकरीचा. एन्झाइमवाली पावडर लोकरीतलं प्रथिनच खाते. सॉफ्टनर टाळा, त्याचा थर तंतूंवर बसतो. पिळू नका, दोरीवर टांगू नका, नाहीतर ओल्या वजनाने लांबतो; आडवा पसरून वाळवा. थंडी सरल्यावर ठेवून देण्याआधी धुवाच, कारण घामाचे डाग राहिले तर कसर आधी तिथेच लागते.