लाकडी धनुष्याच्या दोरीसाठी डॅक्रॉन बी-५५ धागा: ६ महिने वापरून लिहितोय

धागा एक नंबर आहे, लाकडी किंवा बांबूचं धनुष्य असेल तर हाच घ्या. आता जरा सविस्तर लिहितो कारण मी आधी चुकीची दोरी लावून नुकसान करून घेतलंय आणि ते दुसऱ्या कुणाचं व्हायला नको.

माझं धनुष्य धामणीच्या लाकडाचं आहे, स्वतः तासलेलं, दोरी अडकवायच्या टोकांवरच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ६६ इंच आणि दोरी २८ इंच ओढली की ३८ पौंडांच्या आसपास ताकद लागते. धामण म्हणजे आमच्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला घालतात तीच, चिवट, वाकते पण पटकन मोडत नाही. ते तासण्यात दोन महिने गेले आणि दोरी मात्र घाईघाईत एका दुकानातून तयार आणली. दुकानदार म्हणाला डॅक्रॉनचीच आहे. नव्हती. ३०-४० बाण मारून झाले असतील, दोरी उतरवताना बघितलं तर वरच्या टोकाच्या खाचेत ती रुतलेली, नख फिरवलं तर केसाएवढी चीर लागली. पोटात गोळा आला हो, दोन महिन्यांची मेहनत! चिरेत इपॉक्सी भरली, वरून सुती दोरा घट्ट गुंडाळला, तेव्हा कुठे वाचलं.

झालं काय की हल्लीच्या कंपाउंड धनुष्यांच्या (टोकांना कप्प्या असलेल्या) दोऱ्या जवळजवळ न ताणल्या जाणाऱ्या धाग्याच्या असतात, त्यामुळे बाण वेगात जातो, माझी दोरी तसलीच निघाली. माझ्या भाच्याला २०२३ ला बर्लिनमध्ये आपली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून धनुर्विद्येचं वेडच लागलंय, तो मला सारखा म्हणायचा, मामा तशीच दोरी लाव की, फास्ट. पण त्यांची धनुष्यं तशा दोरीसाठीच बनवलेली असतात. लाकडी धनुष्यात बाण सुटला की दोन्ही बाजू पुढे झेपावतात आणि दोरी त्यांना एकदम अडवते, दोरी जराही लवली नाही तर सगळा हिसका टोकाच्या लाकडावर बसतो. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरच, ते किंचित ताणलं जातं आणि तो हिसका पोटात घेतं. वेग थोडा कमी मिळतो, मिळू दे, धनुष्य तर टिकतं. टोकांना शिंग किंवा कठीण लाकूड लावून मजबूत केलं असेल तर गोष्ट वेगळी, पण साध्या टोकांना डॅक्रॉनच.

आता मालाबद्दल. बीसीवाय कंपनीचं बी-५५ घेतलं, पाव पौंडाची दोन स्पूल, एक लाल एक काळं. ब्राउनेल कंपनीचं बी-५० पण याच जातीचं, जे मिळेल ते घ्या. धागा मेण लावलेलाच येतो, बोटाला चिकट लागतो, आणि तेच हवं असतं कारण सगळे धागे एकत्र धरून राहतात. किंमत बघून आधी जड वाटेल, दोन-तीन तयार दोऱ्या आल्या असत्या तेवढ्यात, पण स्पूल संपतच नाही, मी आत्तापर्यंत पाच दोऱ्या वळल्या आणि अजून बराच धागा शिल्लक आहे. दोन रंग मुद्दाम घ्या, का ते पुढे सांगतो.

एक धागा साधारण ५० पौंडांचा ताण घेतो, म्हणजे ३८ पौंडांच्या धनुष्याला एकच पुरेल असं वाटतं ना, तसं नाही. बाण सुटल्यावरचा हिसका ओढण्याच्या ताकदीपेक्षा खूप जास्त असतो, शिवाय दोरी खाचेवर घासते, आणि फार बारीक झाली तर बाणाच्या खाचेत सैल बसते. ३५ ते ४५ पौंडांना १२ धागे, त्यापुढे ५५ पर्यंत १४, हा हिशोब मी धरतो.

दोरी फ्लेमिश पद्धतीने वळली, म्हणजे गाठ कुठेच नाही, दोन्ही टोकांचे फास पिळातूनच तयार होतात. नाव परदेशी असलं तरी काम बघितल्यावर मला आजोबाच आठवले. पोळ्याच्या आधी ते ओसरीवर बसून अंबाडीचे कासरे वळायचे, पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून प्रत्येक पेडाला एकीकडे पीळ आणि पेड एकमेकांवर टाकायचे ते उलटीकडे. इथेही तेच! सहा लाल धाग्यांचा एक पेड, सहा काळ्यांचा एक, प्रत्येक धागा धनुष्यापेक्षा २० इंच लांब कापायचा आणि टोकं अर्धा-अर्धा इंच मागेपुढे ठेवायची म्हणजे फासाखाली दोरी हळूहळू बारीक होत जाते, एकदम जाड-बारीक होत नाही. टोकापासून ८ इंचांवर सुरुवात, वरचा पेड स्वतःपासून लांब पिळायचा आणि आपल्याकडे ओढून दुसऱ्यावर टाकायचा, मग दुसरा, असं तीन इंच झालं की वळवून फास करायचा आणि उरलेलं शेपूट ज्याच्या त्याच्या पेडात मिसळून पुढे वळत राहायचं. लाल शेपूट लालमध्ये, काळं काळ्यात, दोन रंग यासाठीच. एकाच रंगात केलेली माझी पहिली दोरी चुकली ती इथेच.

दुसरी फसण्याची जागा म्हणजे दुसरं टोक. तिकडचा फास वळताना मधल्या लांब भागात उलटा पीळ चढत जातो आणि धागे एकमेकांत अडकतात, तो दर दोन इंचांनी बोटांनी विंचरून काढावा लागतो, कंटाळा केलात तर पहिला फास उकलायला लागतो. वरचा फास थोडा मोठा ठेवा, दोरी उतरवली की तो धनुष्यावर खाली सरकतो. तयार दोरी दोन खाचांच्या अंतरापेक्षा तीन इंच आखूड, म्हणजे माझी ६३ इंच. नंतर १५-२० पीळ द्यायचे. लांबी थोडी चुकली तरी चालतं, पीळ वाढवला की दोरी आखडते. चढवल्यावर मुठीच्या जागेपासून दोरी किती लांब हवी ते मोजायला पट्टी लागत नाही, मूठ ठेवून अंगठा उभा करायचा, तेवढी, सहा-साडेसहा इंच.

एक गंमत सांगतो, शाळेत भूमितीत वर्तुळाची जीवा शिकलो होतो ना, तो जीवा शब्द संस्कृतात धनुष्याच्या दोरीचा आहे. वळलेली दोरी पहिल्यांदा चढवली आणि धनुष्याचा कंस आणि समोर ताणलेली जीवा बघितली तेव्हा पाठ्यपुस्तकातली आकृती डोळ्यासमोर आली, अंगावर काटा आला खरंच.

तक्रारी दोन आहेत. एक, नवीन दोरी पहिले काही दिवस लांबते, पहिल्या ५०-६० बाणांत मुठीपासून दोरीचं अंतर जवळजवळ अर्ध्या इंचाने कमी झालं, परत पीळ द्यावा लागला, नंतर मात्र स्थिर. दुसरी, धाग्यासोबत ज्या ऑनलाइन दुकानातून मेण घेतलं ते फालतू निघालं, कोरडं, दोरीवरून पांढरी पूड गळायची. शेवटी महाबळेश्वरहून मधमाशीचं मेण आणलं होतं ते चोळलं आणि चामड्याचा तुकडा दोरीवर जोरात फिरवला, घर्षणाने गरम होऊन मेण आत मुरतं आणि दोरी गोल, गुळगुळीत होते. मध्ये जिथे बाण बसतो तिथे सात इंच नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळा, नाहीतर बोटांनी आणि बाणाने धागे झिजतात. बाण दोरीवर अलगद अडकला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की सुटला पाहिजे, गुंडाळलेला दोरा तेवढाच जाड.

मैदानावर जाताना दुसरी दोरी पिशवीत ठेवतो, तीपण आधी ५०-६० बाण मारून लांबवून घेतलेली. आणि रोज चढवायच्या आधी दोन्ही फास बोटांत फिरवून बघतो, एक जरी धागा तुटलेला दिसला की ती दोरी बाद. गेल्या महिन्यात एक अशीच काढली, खालच्या फासात एकच लाल धागा तुटला होता.